ऑपरेटरबाईंची टाकी

“आता. आता ऐक. श्वास रोखून ऐक.”

“आई, मी श्वास रोखला की मला माझंच काळीज धडधडताना ऐकू येतं. दुसरं काही नाही.”

“अगं, त्या कोपऱ्याकडे कान कर.”

“केला. कमोड आहे. पांढरा, स्वच्छ, गप्प. काही बोलत नाहीये माझ्याशी.”

“तू आत्ताच फ्लश केलास ना, म्हणून!”

“मग काय न करता बाहेर यायचं होतं?”

संडासाच्या अरुंद दारात दोघी उभ्या होत्या, आई आणि लेक, खांद्याला खांदा घासत. आईचा हात हवेत तसाच, बोट वर. लेकीच्या खांद्याला अजून ऑफिसची पर्स.

“तू नसताना येतो,” आई म्हणाली. “बारीक धार. आतल्या आत. मधूनच टाकी भरल्यासारखा सूं आवाज, की परत धार.”

“हेच म्हणतेय मी! मी नसताना येतो. प्लंबर नसताना येतो. तो बिचारा दोनदा जिने चढून आला, दोनदा फ्लश ओढून दाखवला. ठणठणीत. फक्त तू एकटी असलीस की येतो. आई, असल्या आवाजाला काय म्हणतात, सांगू?”

“सांग की.”

लेकीने ओठ चावला. “डॉक्टरांनी सांगितलंय ना एकदा. उजवा कान मंदावला की डोकं स्वतःच आवाज तयार करतं. वयानं होतं. लाजायचं काही नाही त्यात.”

“माझं डोकं शिट्टी तयार करेल, भुणभुण तयार करेल. पाणी कुठून आणेल?”

“आणि परवा? इमारतीचा मुख्य कॉक बंद केलास तू. आठ घरांचं पाणी गेलं. वरच्या मजल्यावरचे मास्तर डोक्याला साबण लावून अर्धा तास उभे होते. त्यांनी मला फोन केला, तुला नाही. तुझी तक्रार मला येते आता. जशी शाळेतून माझी तुला यायची.”

“आवाज माझ्याच घरातला आहे की भिंतीतल्या पाइपाचा, ते बघायचं होतं मला.”

“मग काय दिसलं?”

आईने वर धरलेलं बोट खाली घेतलं. कॉक बंद करून वर येईपर्यंत आवाज थांबलेला होता, आणि खाली लोक ओरडत होते.

लेकीने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. “बास. माझ्याकडची मागची खोली रंगवून झालीये. पलंग आलाय. रविवारी अकराला ते विकत घेणारं जोडपं हे घर बघायला येणार, शनिवारी पाचला मी खोकी घेऊन येतेय. नसलेले आवाज ऐकणारं माणूस एकटं ठेवायचं नसतं. उद्या गॅसचं काही झालं म्हणजे?”

“आणि आवाज असलेला निघाला तर?”

“निघाला तर!” लेक हसली. दमलेल्या माणसासारखी. “माझ्या या दोन कानांनी एकदा, फक्त एकदा ऐकला ना, तर त्या जोडप्याला मी स्वतः फोन करून नाही सांगते. तुला इथून हलवायचा विषय पुन्हा काढणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

लेक गेली. ती एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सांच्या ड्यूट्या लावते. कोण कुठल्या वॉर्डात, किती ते किती, कोणाच्या जागी कोण. दिवसभर माणसं या चौकोनातून त्या चौकोनात हलवायची. आईला हलवायचा चौकोनही तिने असाच आखला होता, प्रेमानेच. प्रेमाने आखलेला चौकोन खोडायला सगळ्यात अवघड असतो.

आईला आजूबाजूचे सगळे ऑपरेटरबाई म्हणत. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, टेलिफोन एक्स्चेंजची ती इमारत पाडून तिथे गाड्या धुवायचं केंद्र झालं, तरी नाव काही सुटलं नाही. सुटायचं कारणही नव्हतं. एकतीस वर्षं त्या बोर्डापुढे उंच स्टुलावर बसल्या होत्या. कानाला हेडफोन, हातात दोऱ्यांची टोकं, समोर दिव्यांची रांग. दिवा लागला की टोक खुपसायचं, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं, दुसरं टोक दुसऱ्या भोकात, आणि मधली कळ दाबून दोन माणसं जोडून द्यायची. ही कळ दाबणं म्हणजे खरी विद्या. खाड्कन दाबली तर दोन्ही टोकांच्या माणसांच्या कानात हातोडा बसे. सुपरवायझर नव्या मुलींच्या बोटांवर पट्टी ठेवून शिकवायच्या, “गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, मधे कोणी नाहीच!” ऑपरेटरबाई त्यात इतक्या तयार झाल्या की घरातलं दारसुद्धा त्या लावायच्या तर लागलेलं कळायचं नाही. यजमान चेष्टेने म्हणत, “तू चोर व्हायचीस, चुकून बायको झालीस.”

बोर्डावर बोलणं ऐकायची मनाई होती. पण जोडल्यावर एक श्वास ऐकावाच लागे, लाइन लागली की नाही ते कळायला. तेवढ्या एका श्वासावरून त्यांना समजायचं, पलीकडच्या माणसाने फोन आनंदाने उचललाय की धसक्याने. असा कान. आणि त्या कानाला आता पोटची पोर म्हणत होती, तू खोटा आहेस.

एक नियम मात्र त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. बोर्डाच्या मागचं दार ऑपरेटरने उघडायचं नाही. बिघाड झाला की वहीत लिहायचा, लाइनमनची वाट बघायची. मागची तारांची दुनिया त्याची. घरीही त्यांनी तेच केलं. पंखा, इस्त्री, नळ, काहीही बिघडलं की यजमानांना सांगायचं आणि बाजूला उभं राहायचं. यजमान गेल्यावर प्लंबरला, वायरमनला सांगायचं आणि बाजूला उभं राहायचं. बाहत्तर वर्षांच्या संसारी हातांनी एकाही वस्तूचं झाकण उघडलं नव्हतं.

त्यामुळे ही धार सुरू झाल्यापासून त्या फक्त लिहीत होत्या. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला: सोमवार, पावणेसात. मंगळवार, सव्वादहा, जेवणानंतर पुन्हा. लिहायच्या आणि फेऱ्या मारायच्या. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून संडासाच्या दाराशी, तिथून परत हॉलमध्ये. वर्तमानपत्र उघडलं की तीच बातमी चारदा वाचायच्या. रेडिओ मोठा केला तर रेडिओच्या खालून ती धार वाहायची. कोणीतरी शेजारच्या खोलीत बसून हळू आवाजात आपल्याविषयीच बोलतंय आणि शब्द काही लागत नाहीत, असं ते वाहणं.

शनिवारी सकाळी साडेआठला धार लागली.

ऑपरेटरबाई नुकत्याच अंघोळ करून आल्या होत्या. केस ओले, पदर खोचलेला. त्या धावत फोनपाशी गेल्या, प्लंबरचे अर्धे आकडे फिरवून झाले आणि बोट थांबलं.

तो येणार. येऊन काय करणार? जिने चढून घाम पुसणार आणि पहिल्यांदा काय, तर फ्लशचा दांडा खाड्कन ओढणार. “बघा आजी, ठणठणीत!”

लेकीने काय केलं? आधी फ्लश, मग ऐकणं.

आणि एकदम, तीस वर्षांच्या गर्दीतून वाट काढत, एक्स्चेंजमध्ये बिघडलेल्या लाइनी तपासणारे, टेस्ट-टेबलावरचे अण्णा त्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. तंबाखूने काळे पडलेले दात, कपाळावर चष्मा. एका डॉक्टरीणबाईंच्या लाइनवर खरखर यायची आणि लाइनमन गेला की नाहीशी व्हायची. चार वेळा गेला, चार वेळा हात हलवत परत आला. डॉक्टरीणबाई भांडायला आल्या. तेव्हा अण्णा लाइनमनवर डाफरले होते, “गाढवा, तू आधी घंटी देतोस! घंटीचा करंट जोरकस, सैल पडलेला सांधा त्या धक्क्याने तेवढ्यापुरता जुळतो. तू म्हणतोस लाइन चांगली. आजारी लाइनीला आधी घंटी द्यायची नसते रे. आधी नुसता कान लावायचा. तिला कळू न देता.”

ऑपरेटरबाईंनी फोन ठेवला. हळूच. जणू टाकीला ऐकू गेलं असतं.

त्या संडासात गेल्या. दांड्याला हात लावला नाही. टाकीच्या चिनीमातीच्या झाकणाकडे बघत उभ्या राहिल्या. हात पुढे गेला, मागे आला. कोणीतरी मागून ‘बाई, तुमचं काम नाही ते’ म्हणेल असं वाटलं. कोणी म्हटलं नाही. घरात होतं कोण म्हणायला? मग त्यांनी झाकण दोन्ही हातांनी उचललं. चांगलंच जड निघालं. पोराला पाळण्यातून काढावं तसं छातीशी धरून त्यांनी ते टॉवेलवर ठेवलं आणि आत डोकावल्या.

बघून त्यांना हसूच आलं. याला एवढं घाबरत होतो आपण? बोर्डाच्या मागच्या हजार तारांपुढे हे म्हणजे पोरखेळ. एक पाणी आत सोडणारा नळ. त्याला जोडलेला तरंगता फ्लोट. पाणी चढलं की तो वर येऊन नळ बंद करणार. मधोमध एक उभी नळी, पाणी जास्त झालं तर त्यातून खाली जायला. तळाला रबरी झाकण. ते झाकण वर ओढायला दांड्यापासून खाली सोडलेली एक साखळी. सगळं नवंकोरं. घर दाखवायचं म्हणून लेकीनेच तीन आठवड्यांपूर्वी आतलं सामान बदलून घेतलं होतं. कॅलेंडरच्या मागची पहिली नोंदही तेव्हाचीच.

आता पाणी नेमकं कुठून जातं? उभ्या नळीच्या तोंडातून जात असेल, तर पाणी तोंडापर्यंत असायला हवं. ते दोन बोटं खाली होतं. म्हणजे वरून नाही. म्हणजे तळातून.

‘म्हणजे’ म्हणून भागणार नव्हतं. ‘म्हणजे’वर लेक हसली असती. त्यांनी यजमानांच्या खणातली शाईची बाटली आणली, निळी, तळाशी घट्ट झालेली. अर्धी टाकीत ओतली. पाणी गर्द झालं. मग कमोडसमोर स्टूल टाकून, हातातल्या घड्याळाकडे बघत बसल्या. पाच मिनिटं. आठ. पाठ अवघडली. अकराव्या मिनिटाला कमोडच्या पांढऱ्या भिंतीवरून एक निळा धागा उतरला. इतका बारीक, की बघणाऱ्याची नजर चुकावी. त्याच्या मागून दुसरा.

“सापडलास,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. मोठ्याने. आणि मग त्यांना एकदम रडू फुटलं, कारण तीन आठवड्यांत त्यांनाही, चोरून, अधूनमधून, वाटायला लागलं होतं की लेक म्हणते तेच खरं असेल.

डोळे पुसून त्यांनी टॉर्च आणला. निळ्या पाण्यात आरपार काही दिसेना, म्हणून कोपरापर्यंत हात घातला. बोटांनी तळ चाचपला. रबरी झाकणाच्या कडेखाली काहीतरी टोचलं. साखळीचं शेपूट. साखळी हवी त्याहून वीतभर लांब होती, कोणी कापलीच नव्हती, आणि तिची शेवटची कडी झाकणाखाली दबून बसली होती. तेवढ्या फटीतून पाणी पाझरत होतं. पाणी थोडं उतरलं की फ्लोट खाली, नळ सुरू, सूं. मग परत धार.

बोटाने एक टिचकी मारायची, संपलं. तीन आठवड्यांची पीडा एका टिचकीत.

टिचकी मारायला वाकवलेलं बोट त्यांनी तसंच धरलं. मग सरळ केलं. आणि हात पाण्यातून अलगद, लाट न उठवता, बाहेर काढला.

लेक पाचला यायची होती.

आत्तापर्यंत ज्या आवाजाने त्यांना घरात धड बसू दिलं नव्हतं, तो आवाज आता पाच वाजेपर्यंत जगवायचा होता. तापलेल्या लेकरासारखा. त्या दर दहा मिनिटांनी दाराशी जाऊन बघायच्या, आहे ना? आहे. बसायच्या, उठायच्या. थांबला तर? कडी आपसूक सरकली तर? दुपारी पाण्याचा दाब कमी झाला तेव्हा सूं लांबला, तर त्या हातातलं ताट तसंच ठेवून धावल्या. जेवण गेलं नाही. आणि अर्थातच, स्वतःचा संडास वापरायची सोय नव्हती.

त्यासाठी तिसऱ्यांदा समोरचं दार वाजवल्यावर तिथल्या शिंपीणबाईने पायाखालचं मशीन थांबवून विचारलंच, “मावशी, तुमचा बिघडलाय का हो?”

“बिघडलाय म्हणून तर जपतेय!”

“अं?”

“कोणाला हात लावू द्यायचा नाहीये त्याला.”

शिंपीणबाई काळजीने मागोमाग आली. कमोडमधलं निळं पाणी बघून म्हणाली, “अगोबाई, पावडर टाकून तशीच ठेवलीत? डाग पडतील की!” आणि मदतीला तत्पर हात तिने सरळ दांड्याकडे नेला.

“खबरदार!”

ऑपरेटरबाईंनी तिचं मनगट हवेतल्या हवेत पकडलं. त्या घरात इतका मोठा आवाज शिंपीणबाईने कधी ऐकला नव्हता. ती पाठमोरी न होता, एकेक पाऊल मागे टाकत आपल्या दारापर्यंत गेली.

पाचला पाच कमी असताना जिन्यात लेकीची पावलं वाजली. घाईची, दोन-दोन पायऱ्यांची. दार उघडताच तिने रिकामी खोकी भिंतीशी टाकली.

“आई, सरक. दोन बस बदलून आलेय, आधी जाऊन येते.”

आई संडासाच्या दारात दोन्ही हात पसरून उभी.

“समोर जा. शिंपीणबाईकडे.”

“काय?”

“आत जायचं नाही.”

“माझ्या आईच्या घरात आईचा संडास असताना मी दुसऱ्यांचा...? आई, हे काय नवीन?”

“आधी कान, मग बाकीचं. शब्द दिलायस.”

“आई, प्लीज.”

“अर्धा मिनिट. आयुष्यभर तुझ्यासाठी थांबलेय मी संडासाच्या दाराशी. आत गाणी म्हणत बसायचीस. आज तू थांब.”

लेक हसावं की चिडावं या पेचात उभी राहिली. आईने दार उघडं केलं. झाकण नसलेली टाकी. निळं पाणी. आणि त्यातून, अगदी स्पष्ट, काचेवरून नख फिरवावं तशी बारीक, न तुटणारी धार.

ऑपरेटरबाई टाकीकडे बघत नव्हत्या. लेकीच्या श्वासाकडे त्यांचं लक्ष होतं. श्वास आत गेला आणि तिथेच अडकला. लाइन लागली होती.

“ये, अजून बघ.” लेक काही बोलायच्या आत त्यांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या तोंडाला आता खळ नव्हता. “ही कडी झाकणाखाली अडकलीये. ही काढली. थांबला? थांबला. आता मी फ्लश करते. माझ्या पद्धतीनं.” त्यांनी दोन बोटांनी दांडा असा दाबला, की दाबलेला समजू नये. रबरी झाकण अर्धवट उचललं गेलं, लगेच बसलं, आणि ढिली साखळी त्याच्याआधी खाली जाऊन बसली. टाकी भरली. धार सुरू. “आता तू कर. तुझ्या पद्धतीनं, खाड्कन.” लेकीने मुकाट दांडा ओढला. झाकण ताडकन उभं राहिलं, सगळं पाणी गेल्यावर पडलं, साखळी बाहेरच राहिली. टाकी भरली. शांत.

“म्हणजे हे फक्त तुझ्या हातानं होतं,” लेक हळूच म्हणाली. आत जायची घाई ती विसरूनच गेली होती.

“माझ्या हातानं होतं. डोक्यानं नाही.”

पक्कड कमरेलाच खोचलेली होती. त्यांनी साखळी चार कड्या वर घेऊन अडकवली, उरलेलं शेपूट कापलं, रबराची कड पदराने पुसली. मग दोन बोटांनी, अगदी हळू, दांडा दाबला. टाकी भरली. दोघी ऐकत राहिल्या. काही नाही. घरात किती दिवसांनी काहीच नाही.

“छान केलंस,” लेक म्हणाली. “खरंच. पण आई, आज साखळी झाली. उद्या दुसरं काही होईल.”

“उद्याचं उद्या.”

“तुझं उद्या गं! तुझा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की मी वॉर्डाच्या दारात उभी राहून थरथरते, माहितीये? डोळ्यांसमोर काय काय येतं! नर्सा विचारतात, मॅडम काय झालं. तू माझ्या नजरेसमोर असलीस की मी सुटेन. मला सुटायचंय, कळत नाही तुला?”

“कळतं की.” ऑपरेटरबाईंनी पक्कड टाकीवर ठेवली. “मग तसं म्हणायचंस. आई, मला भीती वाटते, चल. मी कदाचित आलेही असते. पण तू ते म्हणाली नाहीस. तू माझे कान खोटे ठरवलेस. तीन आठवडे मी या घरात वेड्यासारखी फिरले.”

“मी काही मुद्दाम...”

“मुद्दाम नसेल. मी ते विचारतच नाहीये. उद्या अकराला ती माणसं येणारेत. तू म्हणाली होतीस, एकदा ऐकला तर. मी एवढंच विचारते.” त्यांनी लेकीची हनुवटी ओल्या, निळ्या पडलेल्या बोटांनी स्वतःकडे वळवली. “तुला ऐकू आला का?”

लेकीने ती बोटं हलकेच बाजूला केली. हॉलमध्ये गेली. भिंतीशी पडलेल्या खोक्यांकडे बघितलं, वाकली, मग न उचलताच सरळ झाली. पर्स खांद्याला लावली, ना ‘हो’ म्हणाली, ना त्या जोडप्याला फोन केला, चपलेत पाय सरकवले आणि दार उघडंच ठेवून जिना उतरून गेली.